घरातल्या रेकॉर्डिंग सेटअपमध्ये आधी काय बदलावे?

घरी गाणे किंवा वाद्य रेकॉर्ड करणाऱ्याकडे सुरुवातीला बहुधा एक माइक, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), हेडफोन आणि लॅपटॉप एवढीच सामग्री असते, आणि तेवढ्यावर पुष्कळ काही शिकून होते. पुढे कधीतरी स्वतःचे रेकॉर्डिंग एखाद्या व्यावसायिक रेकॉर्डिंगच्या शेजारी ठेवून ऐकले की आपल्यात काहीतरी उणे आहे हे जाणवू लागते, आणि नेमके काय उणे आहे याचा छडा लागण्याआधीच नवा माइक घरात येतो. नव्या माइकने फरक पडतोही, पण अनेकदा तो एवढाच असतो, की खोलीतला जो दोष पूर्वी धूसर ऐकू येत होता तो आता स्वच्छ ऐकू येतो. म्हणून कोणते उपकरण चांगले, हा प्रश्न नंतरचा. आपल्या रेकॉर्डिंगमधला सर्वांत मोठा दोष कुठे तयार होतो, हा पहिला.

गळ्यातून किंवा वाद्यातून निघालेला आवाज खोलीतल्या हवेतून माइकपर्यंत येतो, माइक त्याचा अत्यंत क्षीण विद्युत संकेत करतो, इंटरफेसमधला प्रीॲम्प तो संकेत शेकडो पटींनी वाढवतो आणि तिथलाच कन्व्हर्टर त्याचे आकड्यांत रूपांतर करून संगणकाकडे देतो. ऐकताना हाच प्रवास उलट्या दिशेने होतो आणि आवाज हेडफोनमधून किंवा स्पीकरमधून पुन्हा बाहेर येतो. यातला प्रत्येक टप्पा स्वतःची थोडी खरखर किंवा स्वतःचा थोडा रंग मिसळतो, आणि आधीच्या टप्प्यात मिसळलेले पुढच्या टप्प्याला सहसा वेगळे काढता येत नाही. प्रत्यक्षात एखादा टप्पा बाकीच्यांपेक्षा इतका कच्चा असतो, की उरलेले कितीही सुधारले तरी निकाल फारसा हलत नाही. खोली तर या मार्गात दोनदा येते, रेकॉर्ड करताना एकदा आणि स्पीकरवर ऐकताना पुन्हा.

शांतता रेकॉर्ड करून पाहा

कच्चा टप्पा ओळखण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. माइक नेहमीच्या जागी ठेवावा, गेन (प्रीॲम्प संकेत किती वाढवतो ते) नेहमीइतकाच असू द्यावा आणि अर्धा मिनिट काहीही न बोलता, न वाजवता रेकॉर्ड करावे. मग त्या शांततेची पातळी सॉफ्टवेअरमध्ये ३० डेसिबलने वाढवून ती हेडफोनवर लक्षपूर्वक ऐकावी. त्यात पंखा, फ्रिज, रस्त्यावरची रहदारी किंवा लॅपटॉपचाच पंखा ओळखू आला, तर दोष खोलीचा आहे आणि तो कोणत्याही माइकने जाणार नाही. खालच्या पट्टीतली एकसुरी गुणगुण ऐकू आली, तर ती बहुधा वीजपुरवठ्यातून आलेली असते. देशानुसार ५० किंवा ६० हर्ट्‌झ आणि त्यांच्या पटींत ती वसलेली असते. लॅपटॉपचा चार्जर काढून तीच चाचणी पुन्हा केल्यावर गुणगुण नाहीशी झाली, तर चोर सापडलाच म्हणायचा. आणि यांपैकी काहीच नसून पावसाच्या दूरच्या सरीसारखा एकसारखा 'सूं' आवाज असेल, तर तो माइकचा तरी असतो किंवा प्रीॲम्पचा.

हे शेवटचे दोघे वेगळे करणेही अवघड नाही. कन्डेन्सर माइक (इंटरफेसकडून मिळणाऱ्या विजेवर, म्हणजे फँटम पॉवरवर, चालणारा) काढून, फँटम पॉवर बंद करून, त्या जागी एखादा डायनॅमिक माइक (त्या विजेशिवाय चालणारा) जोडावा, तो जाड पांघरुणात गुंडाळावा आणि गेन न हलवता पुन्हा शांतता रेकॉर्ड करावी. 'सूं' जवळजवळ तितकाच राहिला तर तो प्रीॲम्पमधून येत आहे, आणि स्पष्टपणे कमी झाला तर प्रीॲम्प निर्दोष आहे.

दुसरी चाचणी खोलीच्या घुमण्याची. एकच ओळ तोंडापासून १५ सेंटिमीटरवर माइक ठेवून गावी आणि मग ६० सेंटिमीटरवर ठेवून गावी, आणि दोन्ही रेकॉर्डिंगची पातळी सारखी करून ती ऐकावीत. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने घटतो, म्हणजे इथे तो १२ डेसिबलने घटलेला असतो. भिंतींवरून परतून येणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. दुसरे रेकॉर्डिंग रिकाम्या पिंपात तोंड घालून गायल्यासारखे वाटले, तर पुढचा सगळा खर्च आधी खोलीच्या वाटेने गेला पाहिजे.

खोली

खोलीवरच्या उपचारांबाबत दोन वेगळ्या गोष्टींची कायम गल्लत होते. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे हे एक काम आहे आणि आतला आवाज भिंतींवरून परत फिरू न देणे हे दुसरे. पहिल्यासाठी जड भिंती, बंद फटी आणि परस्परांपासून सुटे ठेवलेले थर लागतात. भाड्याच्या किंवा राहत्या घरात ते क्वचितच जमते, आणि त्यावर शांत वेळ निवडून रेकॉर्ड करणे हाच व्यवहार्य उपाय असतो. दुसरे काम मऊ, सच्छिद्र पदार्थांनी होते आणि ते कोणत्याही घरात जमण्याजोगे आहे. भिंतीवर फोम चिकटवल्याने शेजाऱ्यांना कमी ऐकू जाईल, ही समजूत या गल्लतीतूनच आली आहे. अंड्यांच्या ट्रेंबद्दल तर न बोललेलेच बरे.

आता जाडीचा हिशेब पाहू, कारण खरेदीतली चूक नेमकी इथे होते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, त्यामुळे १००० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर आणि १०० हर्ट्‌झची सुमारे ३.४ मीटर भरते. सच्छिद्र पदार्थ हवेच्या हालचालीला अडवून आवाज शोषतो, आणि भिंतीला लागूनच ही हालचाल जवळजवळ शून्य असते. ती सर्वांत जास्त असते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. अडीच सेंटिमीटर जाडीच्या फोमला पाव तरंगलांबीचा लाभ मिळतो तो ३४०० हर्ट्‌झच्या आसपास आणि त्यावर. अशा फोमने चारही भिंती मढवल्या तर वरच्या पट्टीतली चमक मरते, पण खालचा आणि मधला घुमारा तसाच राहतो, आणि खोली पूर्वीपेक्षा कोंदट ऐकू येऊ लागते. त्याऐवजी १० सेंटिमीटर जाडीचा रॉकवूल किंवा ग्लासवूलचा, कापडात नीट बंद केलेला पॅनल भिंतीपासून आणखी १० सेंटिमीटर सोडून उभा केला, तर तो ४०० हर्ट्‌झच्या आसपास चांगले काम करतो आणि त्याच्या खालीही बऱ्यापैकी उपयोगी पडतो. असे चारपाच पॅनल डझनभर पातळ तुकड्यांपेक्षा कितीतरी पटींनी उपयोगी ठरतात. तोवर जाड गादी, रजया आणि भरलेले कपाट यांवर भागवायला हरकत नाही.

पॅनल कुठे उभा करायचा, यातही एक गंमत आहे. अनेकजण माइकच्या मागे अर्धवर्तुळाकार ढाल बसवतात. घरी वापरले जाणारे बहुतेक माइक कार्डिऑइड पद्धतीचे, म्हणजे समोरून जास्त आणि पाठीमागून फार कमी ऐकणारे असतात. ज्या बाजूला माइक आधीच बहिरा आहे तिथे ढाल लावून मिळते ते थोडेच. माइकचे तोंड गायकाकडे आणि गायकाच्या पाठीमागच्या भिंतीकडे असते. त्यामुळे पहिला पॅनल किंवा पहिली रजई गायकाच्या पाठीमागे हवी.

ऐकण्याची साधने

खोलीनंतर मी ऐकण्याच्या साधनांना वरचा क्रम देतो. ज्या हेडफोनमध्ये बास फुगवून दिला आहे त्यावर मिक्स करणारा, म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकची पातळी जुळवणारा, माणूस नकळत बास कमी करत जातो, आणि त्याचे गाणे इतरत्र पोकळ वाजते. हा दोष रेकॉर्डिंगमध्ये नसतोच, त्यामुळे माइक बदलून तो सुटत नाही.

लहान खोलीत स्पीकर घेताना मोठ्या वूफरचा (खालची पट्टी वाजवणाऱ्या भागाचा) मोह आवरावा. समोरच्या आणि मागच्या भिंतीत ३.४ मीटर अंतर असेल, तर त्या दोन भिंतींमध्ये ५० हर्ट्‌झची आणि तिच्या पटींतली स्थिर लहर उभी राहते. ५० हर्ट्‌झची लहर भिंतींजवळ प्रचंड वाजते आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळपास नाहीशी होते. म्हणजे ऐकणारा खोलीच्या मध्यभागी बसला तर समोर कितीही मोठा स्पीकर असला तरी ती पट्टी त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. पाच इंची वूफरचे स्पीकर साधारण ५० हर्ट्‌झच्या आसपास उतरू लागतात आणि अशा खोलीला ते पुरेसे असतात. त्याखालचे तपासायला हेडफोन वापरावेत. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्विटर (वरची पट्टी वाजवणारे भाग) कानाच्या उंचीवर यावेत आणि स्पीकर त्यांच्या मागच्या भिंतीपासून एकतर अगदी जवळ किंवा चांगले लांब असावेत. एक मीटरच्या आसपासचे अंतर गैरसोयीचे, कारण भिंतीवरून परतणारी लहर तिथे ८६ हर्ट्‌झच्या सुमारास थेट लहरीला खोडून काढते. लहान खोलीत भिंतीजवळ ठेवून स्पीकरच्या मागच्या स्विचने बास थोडा उतरवणे हे त्यातल्या त्यात शहाणपणाचे.

स्पीकर गोड वाजतो म्हणून घेऊ नये, हे सांगताना यामाहाच्या एनएस-१० चे उदाहरण द्यावेसे वाटते. १९७८ मध्ये तो घरगुती ऐकण्यासाठी बाजारात आला, पण नाव मिळवले ते स्टुडिओंमध्ये, कारण मधल्या पट्टीतले दोष तो निर्दयपणे पुढे आणत असे.

हेडफोनचे दोन प्रकार दोन कामांसाठी आहेत. बंद कवचाचे हेडफोन गाताना घालावेत, म्हणजे त्यातला ताल माइकमध्ये झिरपत नाही. उघड्या कवचाचे मिक्सिंगसाठी बरे, कारण त्यांची मांडणी सहसा मोकळी आणि कानाला न थकवणारी असते. एकच घेणे शक्य असेल तर रेकॉर्डिंग करणाऱ्याला बंद कवचाचेच घ्यावे लागतात. २५० ओहमचे (जास्त विद्युत अवरोधाचे) हेडफोन घेण्याआधी आपल्या इंटरफेसचा हेडफोन आउटपुट त्यांना पुरेसा मोठा आवाज देतो का, हे पाहावे. नाहीतर हेडफोनपाठोपाठ ॲम्पचीही खरेदी ओढवते.

माइक

माइकच्या बाबतीत किंमत आणि योग्यता यांचा संबंध वाटतो त्यापेक्षा सैल आहे. शूअर कंपनीचा एसएम ५७ हा डायनॅमिक माइक १९६५ पासून बाजारात आहे, महागड्यांत तो मोडत नाही, आणि तरीही मोठ्या स्टुडिओंत गिटारच्या ॲम्पसमोर तोच उभा दिसतो. डायनॅमिक माइक कमी संवेदनशील असतो. म्हणून तो सहसा तोंडाच्या अगदी जवळ ठेवून वापरला जातो, आणि न सजवलेल्या खोलीत ही जवळीकच कामी येते. कन्डेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते आणि तो श्वासापासून खुर्चीच्या कुरकुरण्यापर्यंत सगळे टिपतो. खोली घुमत असेल तर चांगला कन्डेन्सर ती अधिक इमानाने घुमवून दाखवतो.

एका खरेदीतून दुसरी खरेदी कशी निघते, याचा नमुना म्हणजे शूअरचा एसएम७बी. त्याची संवेदनशीलता पास्कलला सुमारे १.१ मिलिव्होल्ट आहे. नेहमीचा मोठ्या पडद्याचा (डायफ्रामचा) कन्डेन्सर त्याच आवाजाला १० ते ३० मिलिव्होल्ट देतो. हा फरक २० डेसिबल किंवा त्याहून अधिक भरतो. हलक्या आवाजात गाणाऱ्याला या माइकसाठी ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो, आणि अनेक लहान इंटरफेस तिथे दमतात किंवा 'सूं' करू लागतात. मग वायरीत बसणारा बूस्टर घ्यावा लागतो. माइक उत्तम आहे, पण आपल्या इंटरफेसचा गेन किती, हे आधी पाहिले असते तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

जाहिरातीत माइकच्या स्वतःच्या खरखरीचा आकडा ठळक असतो. एक माइक ५ डेसिबलचा, दुसरा १५ चा. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण खोलीतली पार्श्वभूमी ३० डेसिबलची असेल, आणि घरात तेवढीही शांतता मिळणे कठीणच असते, तर ३० आणि १५ यांची ऊर्जेच्या हिशेबाने बेरीज ३०.१ होते आणि ३० आणि ५ यांची जेमतेम ३०. हा फरक कोणाच्याही कानाला कळणार नाही. अगदी शांत खोलीत, हलके वाजणारे तंतुवाद्य थोड्या अंतरावरून टिपायचे असेल, तेव्हा मात्र हाच आकडा निर्णायक ठरतो.

निवड करताना आवाजाचा स्वभाव पाहावा. स्वस्त कन्डेन्सरपैकी अनेकांना वरच्या पट्टीत मुद्दाम उठाव दिलेला असतो. तो मंद, जाड आवाजाला खुलवतो, पण ज्याच्या गाण्यात 'स' आणि 'श' आधीच टोचतात त्याला असा माइक असह्य करून सोडतो. एक माइक हाताशी असताना दुसरा घ्यायचा, तर त्याच जातीचा महाग घेण्यापेक्षा वेगळ्या जातीचा साधा घेणे मला अधिक फायद्याचे वाटते, कारण त्याने हाती खरोखर वेगळा पर्याय येतो. आणि घेण्याआधी आहे तो माइक पाच-सात सेंटिमीटर वर, खाली, तिरका करून पाहावा. तोंडाच्या अगदी जवळ आणला की दिशादर्शी माइकमध्ये बास वाढतो, जरा बाजूला वळवला की 'स' मवाळ होतो. गिटारच्या बाबतीत तर माइक भोकासमोरून काढून बाराव्या पडद्याकडे (फ्रेटकडे) वळवल्यावर जो बदल होतो, तो मॉडेल बदलूनही अनेकदा होत नाही. मजबूत स्टँड आणि पॉप फिल्टर (तोंडातून येणारे हवेचे झोत अडवणारी जाळी) यांचा यातला वाटा फार मोठा आहे, पण त्यांच्याबद्दल कोणी उत्साहाने बोलत नाही.

इंटरफेस केव्हा बदलावा

आवाजाचा दर्जा वाढेल म्हणून इंटरफेस बदलणे हे बहुतेकांच्या बाबतीत समर्थनीय नाही. १६ बिटमध्ये (बिट म्हणजे प्रत्येक नमुन्याच्या आकड्याची लांबी) सुमारे ९६ डेसिबलचा आवाका, म्हणजे सर्वांत हलक्या आणि मोठ्या आवाजातला फरक, मावतो, २४ बिटमध्ये कागदावर १४४ चा; प्रत्यक्षातले कन्व्हर्टर ११० ते १२० च्या दरम्यान असतात. ३० डेसिबलच्या खोलीत माइकजवळ ९० डेसिबलने गाणाऱ्या माणसाच्या रेकॉर्डिंगला जेमतेम ६० डेसिबलचा आवाका लागतो. प्रीॲम्पचेही तसेच: १५० ओहमच्या स्रोताची अटळ, निसर्गनियमाने ठरलेली खरखर उणे १३१ डीबीयूच्या (विद्युत संकेताच्या पातळीचे डेसिबलमधले माप) आसपास असते आणि आजचे साधे इंटरफेसही उणे १२८ पर्यंत पोहोचतात. उरलेल्या तीन डेसिबलसाठी किती मोजायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. पातळी मात्र नीट ठेवावी; सर्वांत मोठा सूर सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १८ ते उणे १० डेसिबलच्या दरम्यान राहिला की २४ बिटमध्ये भरपूर जागा उरते आणि वरचे टोक फाटत नाही. ३२ बिट फ्लोटचा (पातळी चुकली तरी नंतर सावरता येणाऱ्या रेकॉर्डिंगचा) लाभ गेनकडे लक्ष द्यायला कोणी नसते तिथे आहे. माइकची आणि खोलीची खरखर त्याने कमी होत नाही.

इंटरफेस बदलण्याची खरी कारणे वेगळी आहेत. एकाच वेळी तबला, गायन आणि गिटार वेगवेगळ्या ट्रॅकवर हवे असतील तर इनपुट वाढवावेच लागतात. अशा वेळी ॲडॅट ऑप्टिकल इनपुट (एका प्रकाशतारेतून अनेक चॅनल घेणारे) असलेला इंटरफेस घेणे दूरदृष्टीचे, कारण त्यातून पुढे, सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्या दरानुसार, ४८ किलोहर्ट्‌झला आठ आणि ९६ ला चार चॅनल जोडता येतात. दुसरे कारण लेटन्सी, म्हणजे गायल्यापासून ते हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंतचा उशीर. ४८ किलोहर्ट्‌झला १२८ सॅम्पलचा (नमुन्यांचा) बफर, म्हणजे संगणक एकदम हाताळतो तेवढा तुकडा, धरला तर एका दिशेने २.७ मिलिसेकंद, जाणे, येणे आणि इतर उशीर धरून एकूण सातआठ होतात आणि बहुतेकांना चालतात. तोच बफर ५१२ वर न्यावा लागला तर केवळ जाण्यायेण्यातच २१ मिलिसेकंद जातात आणि गायकाला स्वतःचा आवाज मागून येत असल्याचा भास होतो. लहान बफरवर टकटक न करता चालणे हे ड्रायव्हरच्या दर्जावर अवलंबून असते, आणि चांगल्या इंटरफेसच्या किमतीत ड्रायव्हरचा वाटा मोठा असतो. ज्याला फक्त कोरडा आवाज ऐकत गायचे आहे त्याने आपल्या इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरिंगचे बटण आधी दाबून पाहावे. संगणकाला वळसा घालून आवाज थेट हेडफोनमध्ये येतो आणि प्रश्न तिथेच मिटू शकतो.

यूएसबीच्या पिनेचा आकार बदलला म्हणजे वेग वाढला, असे समजू नये. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झच्या एका चॅनलला सेकंदाला १.१५ मेगाबिट लागतात आणि जुन्या यूएसबी २.० ची कमाल क्षमता ४८० मेगाबिट आहे. ९६ किलोहर्ट्‌झवर जाण्याचीही सहसा गरज नसते; ४८ मध्ये २४ किलोहर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी मावतो, तर माणसाचा कान फार तर २० पर्यंत ऐकतो.

संगणकात रॅम आणि एसएसडी पुरेशी असली की झाले. माइकची एक्सएलआर केबल बॅलन्स्ड असते, म्हणजे दोन तारांत परस्परविरुद्ध संकेत जातो आणि वाटेत दोन्हींत सारखीच शिरलेली खरखर शेवटी वजा होते. त्यामुळे सोल्डर पक्के असलेली साधी केबल पुरते. वापरलेले सामान घेणार असाल तर डायनॅमिक माइक बिनधास्त घ्यावा, कन्डेन्सर दमट जागी ठेवलेला नव्हता याची खात्री करावी, आणि इंटरफेस घेण्याआधी आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्याचा ड्रायव्हर अजून मिळतो का, ते पाहावे. स्वतंत्र प्रीॲम्प आणि कंप्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारे उपकरण) यांची पाळी सर्वांत शेवटी.

नवे उपकरण परत करण्याची मुदत असते तिचा उपयोग करावा. जुन्या आणि नव्या उपकरणावर तोच तुकडा, त्याच अंतरावरून रेकॉर्ड करावा आणि दोन्हींची पातळी काटेकोर सारखी करावी, कारण एखादा डेसिबल मोठा वाजणारा तुकडा मोठा न वाटता सरस वाटतो. फायलींची नावे दुसऱ्या कोणाला तरी बदलायला सांगावी, आणि वेगवेगळ्या दिवशी, कोणती कुठली हे न कळता, त्या ऐकून आवडीची निवडावी. निवड दर वेळी बदलत राहिली तर खोके पुन्हा बांधून पाठवून द्यावे.